फाटकापाशी बसलेला मुऱ्हाळी

गाठ सुटलेली नव्हती. हेडकॉन्स्टेबल रायसिंगने गाठोडं ओट्यावर ठेवलं, दोन पंच दोन बाजूंना उभे केले आणि "बाई, नीट बघून सांगा, तुमच्याच घरातलं ना हे?" असं विचारलं, तेव्हा जसोदाबाईला आधी दिसली ती गाठ. लुगड्याची चारी टोकं एकत्र घ्यायची, दोन खाली दाबायची, दोन उलटी फिरवून पोटातून वर काढायची. ही तिच्या आईची गाठ. अख्ख्या नंदुरबारात अशी गाठ मारणारी दुसरी बाई असेल तर शपथ. दोन दिवस ते गाठोडं मगनच्या मांडीवर होतं, रेल्वेच्या फाटकापाशी, वैशाखाच्या उन्हात, आणि त्याने ते उघडून पाहिलेलं नव्हतं. आता चोराने चोरलेलं गाठोडं उघडूनसुद्धा बघू नये, ही कसली हो चोरी? पण हा प्रश्न रायसिंगला पडला नाही, पंचांना पडला नाही, आणि जिला पडला ती पदराचं टोक दातात धरून उभी होती. रायसिंगने गाठ सोडली. त्याला ती काही केल्या सुटेना, शेवटी त्याने दात लावले. आतून दोन लुगडी निघाली, तिच्या लेकीचं, सिंधूचं, एक परकर-पोलकं निघालं, आणि त्यांच्या घडीतून चांदीचे तोडे घरंगळत ओट्याच्या फरशीवर आले. जसोदाबाईने वाकून पाहिलं. तोडे? तिने तोडे कधी घातले यात? मागे उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने, शांतीलालने, हलकेच खाकरून म्हटलं, "सांग त्यांना." ती म्हणाली, "हो, माझंच आहे."

आता हा मगन कोण, हे गल्लीत कुणाला विचारलं असतं तर 'गावाकडचा एक येडा' एवढंच उत्तर मिळालं असतं. हे उत्तर जसोदाबाईनेच गल्लीला दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी शांतीलालची बदली नंदुरबारच्या कचेरीत झाली, सामान लावून होतं न होतं तोच शेजारच्या रमिलाबाईने विचारलं, "तो दाढीवाला तुमच्या दारात 'जसू, जसू' करत उभा असतो, तो कोण हो?" तेव्हा हातातलं सूप खाली न ठेवता ती म्हणाली होती, "आमच्या गावचा आहे बिचारा. आमच्या बापाच्या खळ्यावर वाढला, म्हणून नावानं हाक मारतो." सूप पाखडत पाखडत सांगितलं. किती सहज सांगितलं! पाठचा धाकटा भाऊ, एकाच आईच्या पोटचा, एकाच पाळण्यात झोपलेला, आणि त्याला तिने एका वाक्यात गडीमाणूस करून टाकला. त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नाही हे खरं. पण भाकर गोड न लागणं हे काही फार मोठं प्रायश्चित्त नव्हे, दुसऱ्या दिवशी ती लागतेच.

सारंगखेड्याच्या अलीकडे तापीच्या काठाला त्यांचं गाव. गुजरांची वस्ती, केळीचे बाग, कपाशी, पावसाळ्यात नदी पार अंगणाशी येऊन जायची. तिचं लग्न झालं तेव्हा मगन तेरा वर्षांचा होता आणि पहिल्या आखाजीला तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून तोच आला होता. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि सासरी त्या एका दिवसापुरता त्याचा मान राजासारखा. नवं धोतर नेसून, डोक्यावर मोठ्या माणसाची टोपी घालून हे ध्यान गाडीतून उतरलं, सासूने पाट मांडला तर पाटावर बसेना. "आधी मन्ही बहीनले सांगा तयार व्हवाले." आणि निघताना तिचं गाठोडं गाडीवानाच्या हातात देईना. मुऱ्हाळ्याने बहिणीचं गाठोडं स्वतः उचलायचं असतं, खाली ठेवायचं नसतं, माहेरचा उंबरा ओलांडेपर्यंत उघडायचं नसतं, असं आईने त्याला सांगून पाठवलं होतं. बैलगाडीत सगळा वेळ ते मांडीवर घेऊन बसला, पायांना मुंग्या आल्या तरी. ती हसून हसून बेजार झाली होती. माहेरच्या लिंबाला झोके टांगलेले, खापरावरचे मांडे, आईच्या हाताला लागलेलं कणकीचं पाणी. पुढे नऊ वर्षं तो न चुकता आला. दहाव्या वर्षी आला नाही, तिने दारात उभं राहून दिवस काढला, आणि मग कुणीतरी निरोप आणला की मगनला घरात बांधून ठेवलंय.

काय झालं, कसं झालं, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. आई वारली तिच्या तेराव्यानंतर तो बोलेनासा झाला, मग फार बोलायला लागला, मग गावातल्या तारेच्या खांबाला कान लावून उभा राहायला लागला. तारेतून माय बोलते म्हणे. "देख, माय बोली ऱ्हायनी. पानी तापाडं का म्हनस." भगत झाले, दर्गा झाला, मिरच्यांची धुरी झाली, त्या धुरीने त्याचा एक डोळा कायमचा लाल राहिला. बाप होता तोवर खुंट्याला बांधून का होईना घास तरी तोंडात जात होता. बाप गेल्यावर चुलतभावांनी दावं सोडलं आणि "जा बाबा, मोकळा हो," म्हणून वेशीबाहेर काढून दिला. दावं सोडण्याचं पुण्य त्यांनी जन्मभर मिरवलं. मगन तारेच्या खांबाखांबाने चालत निघाला तो नंदुरबारच्या स्टेशनावर येऊन थांबला, कारण तिथे सगळ्यात जास्त तारा होत्या.

मालधक्क्यामागे गोण्यांच्या आडोशाला तो राहू लागला. कुणाला त्रास नाही, कुणाला दगड नाही. फक्त कधी कधी अंगातलं सगळं काढून खांबाला मिठी मारून रडायचा, आणि तेवढं पोलिसांना पुरायचं. किती वेळा धरला असेल? कुणी मोठा साहेब गाडीने यायचा असला की धरला, बाजारात काही हरवलं की धरला, काहीच नसलं तरी महिनाअखेर रजिस्टर भरायला धरला. दोन दिवस कोठडीत ठेवून सुरतेच्या गाडीत बसवायचे आणि नवापूरला हद्दीवर उतरवून द्यायचे, की जा, आता गुजरातवाले बघतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा रुळांच्या कडेने चालत परत. पायांना फोड आलेले, आणि तोंडावर काय समाधान! तिच्या मागल्या दाराशी येऊन सांगायचा, "जसू, माय तठे बी बोलस. नवापूरले बी तार शे." ती पटकन भाकर आणि कांदा हातावर ठेवायची आणि गल्लीकडे बघायची, कुणी पाहतंय का. भाऊ फोड दाखवत होता आणि ती गल्लीकडे बघत होती, हे तिला पुढे कोर्टाच्या बाकावर बसल्यावर आठवलं आणि तिने डोळे मिटून घेतले.

वेड लागलं, सगळं विसरला, स्वतःचं अंग झाकायचं विसरला, पण आखाजी विसरला नाही. दर वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी कुठून तरी नदीवर, नळावर अंघोळ करून, मिळेल ती टोपी घालून, पुढल्या दाराशी उभा. मागल्या नव्हे, पुढल्या. मुऱ्हाळी मागल्या दाराने येत नाही. "जसू, चाल वं! आखाजी उनी." पहिल्या वर्षी तिला काही सुचलं नाही, तिने जुन्या चिंध्यांचं गाठोडं बांधलं, त्याच्या हातात दिलं आणि देवाला जाते सांगून त्याच्यामागून निघाली. माहेर उरलं नव्हतं, जाणार कुठे? रेल्वेच्या फाटकाशी एक लिंब आहे, तिथे ती बसली. म्हणाली, "उनं माहेर." त्याने लिंबाकडे पाहिलं, तारांकडे पाहिलं, आणि मान डोलावली. दोघांनी मांडे खाल्ले, त्याने एक फांदी हलवून तिला झोका म्हणून दाखवली. फाटकवाला धुडकू लांबून बघत होता, त्याने पाण्याचा लोटा आणून ठेवला, काही विचारलं नाही. तासाभराने ती उठून घरी आली. दोन वर्षं असं झालं. खरं सांगायचं तर वर्षभरात तिच्या जिवाला निवांतपणा मिळायचा तो एवढाच तास. घरी आल्यावर शांतीलाल वहाणा काढता काढता विचारायचा, "कुठे गेली होतीस?" आणि ती बिनदिक्कत खोटं बोलायची.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशीच लोणखेड्याहून प्रेमचंदभाई सिंधूला बघायला आले. बागाईतदार माणूस, मुलगा शिकलेला, स्थळ म्हणजे सोन्याची थाळीच चालत आली होती म्हणा ना. बैठकीत पाच माणसं, सिंधू आत नव्या लुगड्यात घामाने भिजलेली, शांतीलाल कचेरीतल्यासारखं शुद्ध शुद्ध बोलतोय, प्रेमचंदभाई विचारतायत, "मुलीच्या आजोळी कोण कोण असतं?" शांतीलालने सांगून टाकलं, "आजोळ आता संपलं. कुणीच नाही राहिलं." आणि त्याच घडीला रस्त्यावरून आवाज. "जसू! चाल वं! आखाजी उनी!" जसोदाबाईच्या हातातला वाटी-चमचा खळकन वाजला. ती मागल्या दाराने धावत वळसा घालून पुढे आली, त्याला दंडाला धरून बोळात ओढलं. त्याने अंघोळ केलेली होती. टोपीला कुणाची तरी जुनी जर होती. "गाठोडं कोठे शे?" त्याने विचारलं. गाठोड्याशिवाय तो हलायचा नाही हे तिला ठाऊक. ती आत आली, फळीवर हात जाईल ते ओढलं, लुगड्यात कोंबलं, आईची गाठ मारली, आणि त्याच्या हातात दिलं. "तू पुढे व्हय. फाटकजवळ बस. मी उनीच." तो लगेच निघाला. शहाण्या मुलासारखा निघाला. बोळाच्या तोंडाशी वळून म्हणाला, "लवकर ये, माय वाट देखी ऱ्हायनी."

ती गेली नाही. त्या दिवशी पाहुणे दिवेलागणीपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी आखाजी, पितरांची घागर भरायची, नैवेद्य, शांतीलालला सुट्टी, घरातून पाऊल काढायची सोय नाही. दुपारी मांडे थापताना ती मनाशी म्हणाली, गेला असेल आता, कंटाळून गेला असेल तारांकडे. असं म्हटलं की हात मोकळा चालतो. तिसऱ्या दिवशी सकाळी शांतीलाल सिंधूचे तोडे उजळायला देतो म्हणाला आणि तोडे सापडेनात. तिने घाईत ओढलेल्या लुगड्याच्या घडीतच ते ठेवलेले होते, पण तेव्हा हे कुणाच्या लक्षात? रमिलाबाईने भिंतीवरून सांगितलं की परवा तो येडा तुमच्या बोळातून गाठोडं घेऊन जाताना दिसला. शांतीलालने बायकोला एका शब्दाने विचारलं नाही. ती न्हाणीत होती, बाहेर येऊन बघते तो हा चौकीवर गेलासुद्धा. आणि दुपारी रायसिंग गाठोडं घेऊन दारात.

पंचनामा आटोपला, माणसं गेली, तेव्हा तिने दार लावलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. दोन वर्षांचं फाटक, लिंब, चिंध्या. "गाठोडं मीच दिलं. तेनी काही करेल नही. आत्ता जाईसन सांगा." शांतीलालने तांब्याभर पाणी पिऊन घेतलं. त्याची एक रीत होती, घरात तो सगळ्यांसारखीच अहिराणी बोलायचा, पण आपलं ऐकलं जावं असं वाटलं की कचेरीची मराठी काढायचा. "फिर्याद माझ्या सहीची आहे. तू दिलं म्हणालीस की ती खोटी ठरते. सरकारी नोकरानं खोटी फिर्याद दिली तर त्याचं काय होतं ठाऊक आहे?" तिला ठाऊक नव्हतं, पण आवाजावरून कळलं. ती रडली, भांडली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तो तिच्याजवळ येऊन बसला, आणि या खेपेला आपल्या बोलीत बोलला, मऊ मऊ बोलला. "सिंधूनी माय, मी इचार करा. हाई बी एक परी बरंच व्हयनं. कोर्ट तेले पुनाले धाडी. तठे इस्पितळ शे, खाट शे, दवा शे, दोन टाइम जेवन शे. आपुन इतला वरीस काय करं तेनासाठी?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "फक्त नातं सांगू नको. भाऊ शे असं कयनं, का साहेब म्हनी, मंग तुम्हीच लई जा तेले घर. मंग इस्पितळ नही, काही नही. पुन्हा तो मालधक्का, पुन्हा ते नवापूर."

आणि तिला ते पटलं. हे तिने नंतर कधी स्वतःपासून लपवलं नाही, तिला ते पटलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर एक खाट आली, पांढरी चादर आली, मगनचे फोड कुणीतरी धुतंय असं आलं. महिनाभर ती त्या खाटेवर जगली. मगन तालुक्याच्या कोठडीत होता, त्याला भेटायचं नाही, डबा पाठवायचा नाही, कारण नातं उघडं पडेल. नातं उघडं पडलं तर खाट जाईल. एकदा बाजारात रायसिंग दिसला तर तिने न राहवून विचारलं, "तो बरा आहे ना?" रायसिंग म्हणाला, "जेवतो, झोपतो. कोठडीतून तार दिसत नाही म्हणून तेवढा रडतो." ती भाजीची पिशवी घेऊन घरी आली आणि सबंध दुपार तिने गव्हातले खडे वेचले, खडे संपले तरी वेचत राहिली. तिला वाटायचं, पुण्याला केवढ्या तारा असतील. शांतीलाल घरी आला की ती विचारायची, अर्ज केला का इस्पितळाचा? तो म्हणायचा, "व्हई ऱ्हायनं. कोर्टनं काम शे, धीर धर." लोणखेड्याहून पसंती आली. घरात पेढे आले. तिने एक पेढा कागदात बांधून फळीवर ठेवला, कुणासाठी ते स्वतःलाही सांगितलं नाही.

कोर्ट म्हणजे जुनी दगडी इमारत, पंखा ओढणारी दोरी अजून तशीच लोंबत होती, पण पंखा नव्हता. तिने आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नव्हती. मगनला आणलं तेव्हा तिने मान खाली घातली, पण त्याचे पाय दिसले. स्वच्छ होते पाय. कुणीतरी त्याची दाढी काढली होती, आणि दाढी निघाल्यावर आतून बापाचा चेहरा निघाला. तिला हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं. साहेबांनी त्याला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मगन इतक्या सरळ, इतक्या नीट बोलला की कारकुनाने मान वर केली. "मी मुऱ्हाळी शे साहेब. बहिनले लेवाले उनू. तिनीच गाठोडं दिन्हं. मुऱ्हाळी गाठोडं उघाडत नही, इचारा कोनले बी." आणि त्याने हात करून तिच्याकडे दाखवलं. त्याला खात्री होती. आता जसू उठेल आणि सांगेल, एवढंच तर काम आहे, अशी खात्री त्या दाखवलेल्या हातात होती. तिचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली तेव्हा पायाखालची फरशी गरम लागली. साहेबांनी विचारलं, "समोरच्या इसमाला तुम्ही ओळखता?" तिने शांतीलालकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिने मनात पांढरी खाट धरली, घट्ट धरली. "गावाकडचा आहे. नातं नाही." "तो तुमचा भाऊ आहे?" "नाही." "गाठोडं तुम्ही त्याला दिलं?" "नाही." तीन वेळा नाही म्हणायला किती वेळ लागतो? भाकर उलटायला लागतो तेवढासुद्धा नाही.

मगन तिच्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे, राग असता तर बरं झालं असतं. लहानपणी पाटीवरचं गणित चुकलं की तो असाच बघायचा, काय चुकलं ते शोधत. तिच्याकडे पाहिलं, मग शांतीलालकडे पाहिलं, त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणि त्याला ते सापडलं असावं. तिला त्याच्या तोंडावर दिसलं की सापडलं. पाहुणे असलेलं घर, बोळात ओढलेला हात, सासरच्या माणसांसमोर उभी असलेली बहीण. मुऱ्हाळ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, सासरच्या माणसांसमोर बहिणीला खाली बघायला लागू नये. तो साहेबांकडे वळला. "चुकनं साहेब. ती मन्ही बहीन नही. मीच घरमा घुसनू. चोरी मीच करी." साहेबांनी टाक खाली ठेवला. त्यांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, आज वार कोणता ते विचारलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं. बुधवार सांगितला. "कुणी शिकवलं, दमदाटी केली म्हणून कबूल करतोस का?" "नही साहेब." मग साहेबांनी कागदावरून मान न काढता एकदा विचारलं, "आरोपीच्या मानसिक अवस्थेबद्दल कुणाला काही सांगायचं आहे?" जसोदाबाईचा जीव कानात आला. आता. आता शांतीलाल उठेल, आता तो अर्ज पुढे करील. शांतीलालने मांडीवरची टोपी एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली. रायसिंगने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. साहेब लिहू लागले. सहा महिने सक्तमजुरी, धुळ्याचा तुरुंग.

सक्तमजुरी हा शब्द तिला कळला, पण तो इस्पितळातलाच काही असेल असं क्षणभर वाटलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने रायसिंगलाच गाठलं. "हवालदारसाहेब, पुण्याला कधी नेणार?" "पुण्याला कशाला? धुळ्याला." "पण इस्पितळ? तो अर्ज?" रायसिंग वाईट माणूस नव्हता, त्याला खोटं नीट बोलता येत नव्हतं. तो चाचरला. "बाई, मी तर पहिल्या कागदात 'वेडसर' लिहिलं होतं. तुमच्याच मालकांनी खोडायला लावलं. म्हणाले, वेडा लिहिलं की चौकशी होते, घराणं निघतं, नातं निघतं. माझ्या पोरीचं जुळतंय. चोर लिहा, चोराला नातेवाईक नसतात." त्याने खांदे उडवले. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

तिला काय ठाऊक होतं? मऊ मऊ बोललेलं तेवढं ठाऊक होतं. आपल्या बोलीत बोलला होता तो, ज्या बोलीत तिची आई बोलायची, त्याच बोलीत बसून त्याने केसाने गळा कापला. कचेरीची मराठी काढली असती तर ती सावध तरी झाली असती. महिनाभर ज्या खाटेला धरून ती उठली-बसली ती खाट कुठेच नव्हती, पुण्यात नव्हती, कुठल्याच कागदावर नव्हती. आणि तिने? तिने तर भर कोर्टात स्वतःच्या तोंडाने. तिच्या छातीत असा काही संताप उसळला की त्यात शांतीलाल होता, प्रेमचंदभाई होते, रमिलाबाई होती, सूप पाखडणारी ती स्वतः होती. शांतीलाल मागून आला, "चाल, घर जाऊत. ऊन व्हयनं." तिने त्याचा हात झटकला.

मगन व्हरांड्याच्या टोकाला बसला होता, कमरेला दोरी, दोरीचं टोक एका शिपायाच्या हातात. धुळ्याच्या एस.टी.ची वेळ व्हायची होती. आजूबाजूला खटल्यांना आलेली माणसं, वकिलांचे कारकून, पानाच्या पिचकाऱ्या. जसोदाबाई सगळ्यांमधून वाट काढत गेली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तिने तो सावरला नाही. तिथे उभी राहून, सगळा व्हरांडा ऐकेल एवढ्या मोठ्याने ती बोलली. तिला वाटलं नव्हतं आपल्याला एवढा आवाज आहे. "हाऊ मन्हा भाऊ शे! सख्खा भाऊ शे! गाठोडं मीच दिन्हं तेले. कोर्टमा मी खोटं बोलनी. साहेबले सांगा, कागद फाडा तो!" माणसं थांबली. एक वकील चष्मा कपाळावर चढवून बघू लागला. कुणीतरी कुजबुजलं, ही तर मघाची साक्षीदार. शिपाई गोंधळला, त्याने रायसिंगकडे पाहिलं, आणि रायसिंगच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच असं आलं की आत जाऊन साहेबांना सांगावं. तो दोन पावलं दाराकडे वळलाही. मग थबकला आणि मगनला विचारलं, "काय रे? खरं सांग. बहीण आहे ही तुझी?"

मगनने वर पाहिलं. तिच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, गोळा झालेल्या माणसांकडे पाहिलं, मागून घाईने येणाऱ्या शांतीलालकडे पाहिलं. तिने दोन्ही हात जोडले होते, तिचे ओठ 'सांग रे, सांग' म्हणत होते. मग रायसिंगकडे वळून, कोर्टात बोलला होता तितक्याच नीट, तितक्याच सरळ आवाजात म्हणाला, "नही हवालदारसाहेब. मी नही वळखत. हाई बाईनं डोकं ठिकानवर नही. घर पोचाडी द्या तिले."

कुणीतरी हसलं. रायसिंग दारातून मागे आला. शांतीलालने पुढे होऊन तिचा पदर तिच्या डोक्यावर नीट ओढला, दंड धरला आणि जमलेल्या माणसांना, कचेरीच्या शुद्ध मराठीत, जरा ओशाळं हसून सांगितलं, "उन्हाचं होतं हो तिला असं कधी कधी." माणसांनी माना हलवल्या आणि दोघांना जायला वाट करून दिली.